मर्स्यासची कातडी आणि साबणाचा पापुद्रा

गडद लाल रंगाचे एक प्रचंड कापड, पोलादाच्या तीन कड्या आणि एक ग्रीक दंतकथा, एवढ्या सामग्रीतून २००२ साली लंडनमध्ये एक शिल्प उभे राहिले. शिल्पाचे नाव 'मर्स्यास'. शिल्पकार अनिश कपूर, जन्माने मुंबईचे. कलेच्या इतिहासात या शिल्पाची नोंद झालेलीच आहे. पण त्याच्यामागे गणित आणि पदार्थविज्ञान यांचाही सुमारे अडीचशे वर्षांचा इतिहास आहे. या इतिहासातला महत्त्वाचा भाग वर्गात पाहायचा असेल तर दोन बांगड्या आणि वाटीभर साबणाचे पाणी पुरते. वर्ध्यासारख्या जिल्ह्यात तर या गोष्टीला जोडणारे आणखी दोन धागे सापडतात, एक खादीचा आणि दुसरा चामड्याचा. त्यांच्याकडे आपण शेवटी येऊ.

दंतकथा

अथेना देवीने आउलोस नावाचे एक वाद्य तयार केले. दोन नळ्यांचे, तोंडाशी पत्ती असलेले, म्हणजे बासरीपेक्षा आपल्या सनईला जवळचे. ते वाजवताना पाण्यात तिला स्वतःचे फुगलेले गाल दिसले. आपण कुरूप दिसतो म्हणून तिने ते फेकून दिले. रानात राहणाऱ्या मर्स्यासला ते सापडले. हा सॅटर जातीचा, म्हणजे अर्धा माणूस आणि अर्धा पशू. तो ते इतके सुंदर वाजवू लागला की त्याने थेट अपोलोला आव्हान दिले. अपोलो हा संगीताचा देव, त्याच्या हातात लायर हे तंतुवाद्य.

स्पर्धेची अट अशी होती की जिंकणाऱ्याने हरणाऱ्याचे हवे ते करावे. एका कथेप्रमाणे अपोलोने लायर उलटी धरून वाजवली आणि 'आता तूही तसेच कर' म्हणाला. दुसऱ्या कथेप्रमाणे त्याने वाजवता वाजवता गायला सुरुवात केली. फुंकायचे वाद्य उलटे धरून वाजवता येत नाही आणि ते तोंडात असताना गाताही येत नाही. मर्स्यास हरला. अपोलोने त्याला झाडाला बांधले आणि जिवंतपणी त्याची कातडी सोलली.

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात होऊन गेलेल्या हिरोडोटसने फ्रिजिया प्रांतातल्या केलेनी या गावाचे वर्णन केले आहे. हे गाव म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले दिनार. तिथल्या बाजारचौकात मर्स्यासची कातडी टांगलेली आहे असे लोक सांगतात, अशी नोंद त्याने केली आहे. तिथे उगम पावणाऱ्या नदीचे नावही मर्स्यासच. उद्धटपणाची शिक्षा म्हणून ही गोष्ट पुष्कळ वेळा सांगितली गेली. पण ऐकणाऱ्याचे मन मात्र बहुधा हरलेल्याच्या बाजूने जाते, कारण स्पर्धेचे नियम जिंकणाऱ्याने मध्येच बदललेले असतात. सोळाव्या शतकात व्हेनिसच्या टिशियनने आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत या प्रसंगाचे चित्र काढले. ते आज चेक प्रजासत्ताकातल्या क्रोमेरझिझ येथे आहे. कपूर यांच्या शिल्पाच्या नावामागे हे चित्र आहे.

मुंबई ते लंडन

अनिश कपूर यांचा जन्म १९५४ चा. शालेय शिक्षण डेहराडूनला झाले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते इस्रायलला गेले आणि तिथे विद्युत अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम सुरू केला. गणिताशी सूर जुळेना म्हणून तो सहा महिन्यांत सोडला, अशी त्यांच्या चरित्रात नोंद आहे. १९७३ मध्ये ते कला शिकायला लंडनला पोचले.

त्या सुमारास पाश्चात्त्य शिल्पकलेत एक नवी रीत रुजली होती. साठच्या दशकात अमेरिकेतल्या काही शिल्पकारांनी शिल्पातून माणसाची आकृती, नक्षी, कथा, हाताची खूण असे सगळे काढून टाकले आणि घन, चौकोन, रांगा एवढेच ठेवले. डोनल्ड जड एकसारख्या पेट्या मांडत असे. कार्ल आंद्रेने १९६६ मध्ये १२० भट्टीच्या विटा दोन थरांत आयताकृती रचून ठेवल्या आणि त्याला शिल्प म्हटले. लंडनच्या टेट संग्रहालयाने ते विकत घेतले, तेव्हा 'विटांना पैसे कशाला' म्हणून १९७६ मध्ये वर्तमानपत्रांतून मोठा गदारोळ झाला. या रीतीला मिनिमलिझम म्हणतात. अल्पतम साधनांची कला, असे आपण म्हणू.

कपूर यांनी तिच्यातला भूमितीचा साधेपणा घेतला, पण अर्थ काढून टाकला नाही. १९७९ मध्ये ते भारतात येऊन गेले. त्यानंतर त्यांनी शंकू, अर्धगोल, पायऱ्यांचे मनोरे अशा सोप्या आकारांवर लाल, पिवळी, निळी भुकटी पसरून एक शिल्पमाला केली. तिचे नाव 'हजार नावे'. देवळाच्या दारातल्या दुकानात गुलाल, बुक्का, हळद, कुंकू यांच्या टोकदार राशी ज्याने पाहिल्या आहेत त्याला या शिल्पांची आणि त्यांच्या नावाची ओळख पटायला वेळ लागणार नाही. १९९१ मध्ये त्यांना ब्रिटनचा टर्नर पुरस्कार मिळाला. भारतात त्यांचे पहिले मोठे प्रदर्शन मात्र २०१० मध्ये भरले, दिल्लीत आणि मुंबईच्या मेहबूब स्टुडिओत.

विजेच्या कारखान्यात कातडी

लंडनच्या थेम्स नदीकाठचे बँकसाइड वीजकेंद्र १९८१ मध्ये बंद पडले आणि २००० मध्ये तिथे 'टेट मॉडर्न' हे संग्रहालय उघडले. ज्यांनी कोराडीचे किंवा चंद्रपूरचे वीजकेंद्र आतून पाहिले असेल त्यांना टर्बाइनचा कक्ष केवढा असतो याची कल्पना येईल. बँकसाइडचा कक्ष १५५ मीटर लांब, २३ मीटर रुंद आणि ३५ मीटर उंच आहे. टर्बाइन काढल्यावर तो रिकामा राहिला. दरवर्षी एका कलावंताला तो भरायला देण्याचा उपक्रम सुरू झाला आणि तिसरी पाळी कपूर यांची आली.

त्यांच्या सोबतीला अरूप या कंपनीतले, मूळचे श्रीलंकेचे अभियंते सेसिल बाल्मंड होते. कक्षाच्या दोन टोकांना दोन कड्या उभ्या बसवल्या. मधल्या पुलाच्या वर तिसरी कडी आडवी लोंबती ठेवली. या तिन्हींना जोडणारे पीव्हीसीचे एकच अखंड लाल पटल ताणले. टोकाला कर्ण्यासारखे रुंद, आत अरुंद होत जाणारे आणि मध्ये खाली तोंड केलेले. पाहणारा कुठेही उभा राहिला तरी पूर्ण शिल्प एका नजरेत येत नसे. डोळे, हात, चेहरा, झाड, सुरी यांतले काहीही त्यात नव्हते. होती ती फक्त ताणलेली कातडी. ९ ऑक्टोबर २००२ ते ६ एप्रिल २००३ या काळात ते लोकांनी पाहिले. ते पाहून एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पेर्ट यांनी 'लामेंताते' ही पियानो व वाद्यवृंदाची रचना लिहिली आणि ती फेब्रुवारी २००३ मध्ये तिथेच सादर झाली. वादकाच्या कातडीच्या सान्निध्यात पुन्हा संगीत वाजले.

आता प्रश्न असा की या पटलाचा आकार ठरवला कोणी? दगड फोडणारा शिल्पकार आकार स्वतः ठरवतो. इथे तसे नव्हते. कड्या कुठे ठेवायच्या आणि ताण किती द्यायचा हे माणसाने ठरवले. पुढचा आकार पदार्थविज्ञानाचे नियम ठरवतात. हे नियम कसे सापडले, ती कथा बरीच जुनी आहे.

साबणाच्या पापुद्र्याचा इतिहास

साबणाच्या पाण्याचा पापुद्रा पृष्ठताणामुळे सतत आकसू पाहतो. म्हणून तारेच्या चौकटीवर पसरला की त्या चौकटीला शक्य असलेल्या आकारांपैकी कमी क्षेत्रफळाचा आकार तो धारण करतो. गणितज्ञांनी हा प्रश्न साबणाशिवायच सुरू केला होता. एका रेषेत, समोरासमोर दोन सारख्या कड्या आहेत. त्यांना जोडणारा सर्वांत कमी क्षेत्रफळाचा पृष्ठभाग कोणता? १७४४ मध्ये लिओनार्ड ऑयलरने उत्तर दिले. हा पृष्ठभाग सरळ नळीसारखा नसतो, तो कमरेशी बारीक असतो. दोन खांबांमध्ये सैल टांगलेल्या साखळीला जो झोळ पडतो तो वक्र घेऊन अक्षाभोवती फिरवला की हा आकार मिळतो. त्याला कॅटेनॉइड म्हणतात. पुढे लाग्रांजने अशा सर्व पृष्ठभागांसाठी एक सर्वसाधारण समीकरण मांडले आणि १७७६ मध्ये म्यूनिए याने त्याचा भूमितीतला अर्थ दाखवला.

तो अर्थ सोपा आहे. घोड्याच्या खोगिराकडे पाहा. एका दिशेने ते वर वळते, काटकोनातल्या दिशेने खाली वळते. साबणाच्या पापुद्र्यात ही दोन विरुद्ध वळणे प्रत्येक बिंदूपाशी अगदी सारखी असतात. एक वळण पापुद्र्याला आत ओढते, दुसरे बाहेर. दोन्ही ओढी बरोबर तुटल्या की तो स्थिर राहतो.

प्रयोग केले ते बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठातल्या जोसेफ प्लाटोने. चाळिशीच्या सुरुवातीलाच त्याची दृष्टी पूर्ण गेली. त्यानंतर घरची माणसे आणि सहकारी तारेच्या चौकटी बुडवत, दिसेल ते सांगत, आणि तो त्यावरून पुढचा प्रयोग आखत असे. १८७३ मध्ये त्याने हे सारे काम ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. तीन पापुद्रे एकत्र येतात तेव्हा ते एका कडेवर १२० अंशांनीच मिळतात, हा त्याच्या निरीक्षणांतला एक नियम. ज्याला पापुद्रा दिसत नव्हता त्याने तो जगाला दाखवला. त्याच्या नियमांची गणिती सिद्धता मात्र १९७६ मध्ये जीन टेलर या अमेरिकन गणितज्ञ बाईंनी दिली. तारेची कोणतीही बंद चौकट घेतली तर तिच्यावर असा पृष्ठभाग असतोच का, या प्रश्नाचे उत्तर १९३० च्या आसपास जेसी डग्लस आणि टिबोर राडो यांनी स्वतंत्रपणे दिले. १९३६ मध्ये फील्ड्स पदक पहिल्यांदा देण्यात आले, तेव्हा दोन मानकऱ्यांपैकी एक डग्लस होता.

हे गणित छपरांवर आणले जर्मनीच्या फ्राय ओटोने. कमीत कमी सामान वापरून मोठी जागा झाकायची तर साबणालाच विचारावे, अशी त्याची पद्धत होती. दोऱ्यांच्या चौकटीवर पापुद्रा धरायचा, त्याचे छायाचित्र घ्यायचे, मापे काढायची आणि त्यावरून तंबू किंवा तारांचे जाळे बांधायचे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी बांधलेल्या सुमारे ७५ हजार चौरस मीटरच्या छपरात त्याचा मोठा वाटा आहे. त्या कामापासून संगणकाने आकार शोधण्याच्या रीतीही वाढीला लागल्या. 'मर्स्यास' याच परंपरेतले.

साबण जिथे हरतो

आता बांगड्या घ्या. सव्वादोन मापाच्या दोन सारख्या काचेच्या बांगड्यांना समोरासमोर दोन-दोन दोरे बांधा, म्हणजे त्या धरता येतील. साबणाच्या पाण्यात थोडे ग्लिसरीन घाला, पापुद्रा जास्त टिकतो. आपल्याकडे पुष्कळ विहिरींचे पाणी दुष्फेन असते, म्हणून साठवलेले पावसाचे पाणी घेतलेले बरे. दोन्ही बांगड्या एकमेकींवर ठेवून बुडवा आणि वर काढून हळूहळू दूर करा. मध्ये एक चकतीसारखा पापुद्रा दिसला तर तिथे प्लाटोचा १२० अंशांचा कोन आधी पाहून घ्या. मग कोरड्या काडीने ती चकती फोडा. ऑयलरचा बारीक कमरेचा आकार तुमच्यासमोर असेल.

आता बांगड्या आणखी दूर न्या. कंबर बारीक होत जाईल आणि एका क्षणी पापुद्रा मध्येच तुटून प्रत्येक बांगडीवर एक-एक सपाट चकती उरेल. गणित सांगते की दोन कड्यांमधले अंतर व्यासाच्या सुमारे ०.६६ पटीपेक्षा जास्त झाले की कॅटेनॉइड शक्यच नसतो. सव्वादोन मापाच्या बांगडीचा आतला व्यास सव्वादोन इंच, म्हणजे ५.७ सेंटिमीटर. तेव्हा पापुद्रा ३.८ सेंटिमीटरच्या आसपास तुटायला हवा. हात स्थिर असेल तर मुलांचे मोजमाप याच्या बरेच जवळ येते. त्याआधी तुटला तर हाताचा हिसका किंवा कोरडा दोरा हे कारण असते. त्याच्या पुढे मात्र कितीही जपून ओढले तरी तो टिकत नाही.

हाच हिशेब लंडनच्या कक्षाला लावून पाहू. कक्ष २३ मीटर रुंद आहे. समजा, दोन्ही टोकांना २३ मीटर व्यासाच्या कड्या बसवल्या. त्यांच्यामध्ये साबणाचा पापुद्रा जास्तीत जास्त २३ × ०.६६, म्हणजे सुमारे १५ मीटर पोचेल. कक्ष आहे १५५ मीटर! म्हणजे या लांबीपुढे साबण हरतो. मधली तिसरी कडी घेतली तरी एकेका बाजूचे अंतर भरून निघत नाही. मग 'मर्स्यास' तुटला कसा नाही?

खादी आणि चामडे

उत्तर मिळवायला खादीचा एक हातरुमाल पुरेल. तो उभ्या धाग्यांच्या दिशेने ओढा, फारसा ताणला जात नाही. आडव्या धाग्यांच्या दिशेने ओढा, जवळजवळ तसेच. आता तिरपा, कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे ओढा. तो लगेच लांबतो आणि मध्ये अरुंद होतो. साबणाच्या पापुद्र्यात सर्व दिशांना ताण सारखाच असतो, दुसरा पर्यायच नसतो. कापडाला ताणा आणि बाणा असतो, त्यामुळे दोन दिशांना वेगवेगळा ताण देता येतो. लांबीच्या दिशेने ताण जास्त दिला की त्या दिशेचे अगदी थोडे वळणसुद्धा आडव्या वळणाच्या ओढीला पुरून उरते. मग कंबर एवढी बारीक व्हावी लागत नाही आणि नळी साबणापेक्षा कितीतरी लांब जाऊ शकते. पीव्हीसीचे पटल म्हणजेही आत विणलेले कापडच असते.

कपूर यांचे २००९ मध्ये न्यूझीलंडमधल्या कैपारा येथे उघड्यावर उभे राहिलेले शिल्प याचे चांगले उदाहरण आहे. तिथे एका टोकाला आडवी लंबवर्तुळाकार कडी आहे, दुसऱ्या टोकाला उभी, आणि मध्ये ८५ मीटर लांबीचे लाल कापड. या कापडाला लांबीच्या दिशेने ३२ तारांचा आधार दिलेला आहे. वाऱ्याला तोंड द्यायचे आणि आकारही राखायचा, ही दोन्ही कामे या तारा करतात.

आणि कातडी? तीही साबणासारखी नसते. व्हिएन्नाचा शरीररचनातज्ज्ञ कार्ल लांगर याने १८६१ मध्ये मृतदेहांच्या त्वचेला गोल टोचणीने भोके पाडली. भोके गोल राहिली नाहीत, लांबट झाली, आणि ती शरीराच्या त्या त्या भागात ठरावीक दिशेने झाली. म्हणजे त्वचेत मुळातच एका दिशेला ताण जास्त असतो. शस्त्रक्रियेत छेद कोणत्या दिशेने घ्यावा म्हणजे जखम चांगली भरून येईल, हे ठरवताना या रेषांचा आजही विचार होतो. तेव्हा लंडनचे ते लाल पटल साबणापेक्षा कातडीला जवळचे ठरते, केवळ रंगामुळे नव्हे तर ताणाच्या हिशेबानेही. शिल्पाचे नाव आणि शिल्पाचे पदार्थविज्ञान इथे एकत्र येतात.

वर्ध्याजवळ नालवाडीला १९३० च्या दशकात गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. आपोआप मेलेल्या जनावरांचे कातडे कमावायचे, ते काम शास्त्रशुद्ध करायचे आणि त्याला चिकटलेला हीनपणा काढून टाकायचा, असा त्यामागचा विचार होता. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यालाच भरलेल्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षण, म्हणजे पुढे नई तालीम म्हणून ओळखली गेलेली कल्पना मांडली गेली. सूत कातताना गणित यावे, कापूस पिंजताना विज्ञान यावे, ही तिची अपेक्षा. कातडे ताणणे हा त्याच जातीचा विषय आहे. कोणती बाजू किती ताणली जाते, ओले कातडे वाळताना किती आकसते, पाठीच्या कण्याकडचा भाग आणि पोटाकडचा भाग यांत फरक काय, हे कमावणाऱ्याला आणि हलगी मढवणाऱ्याला हाताने कळलेले असते. पण पुस्तकात ते ज्ञान म्हणून येत नाही. फुंकून वाजवणारा, कातड्याचे काम करणारा खालचा आणि तारा छेडणारा वरचा, ही उतरंड ग्रीकांच्या गोष्टीत होती आणि आपल्याकडेही आहे.

शाळेत आणखी एक उतरंड असते. गणित येणारी मुले एकीकडे, चित्र काढणारी, वाजवणारी, हाताने काही करणारी दुसरीकडे. गणिताला कंटाळून अभियांत्रिकी सोडलेल्या तरुणाचे सर्वांत गाजलेल्यांपैकी एक काम ऑयलरच्या प्रश्नावर उभे आहे. त्याला गणित शेवटी आले का, हा मुद्दा नाही. त्याने असा प्रश्न विचारला की ज्याचे उत्तर द्यायला गणित जाणणाऱ्याला शेजारी बसावे लागले. आपल्या वर्गात अशी दोन मुले एका बाकावर बसतात का, हे पाहण्यासारखे आहे.

या महिन्यात बांगड्यांचा प्रयोग करून पाहा. वेगवेगळ्या मापांच्या बांगड्या घेऊन, प्रत्येक वेळी तुटण्याचे अंतर भागिले व्यास असा तक्ता मुलांकडून करून घ्या आणि ०.६६ हा आकडा त्यांना आधी सांगू नका. खादीच्या रुमालाचा प्रयोग त्यालाच जोडा. आणि गावात हलगी किंवा डफ मढवणारे कोणी असतील तर त्यांना वर्गात बोलवा. कातडे कोणत्या बाजूने जास्त ओढतात आणि का, हे त्यांना मुलांसमोर सांगू द्या. मुलांच्या तक्त्याशेजारी फळ्यावर त्यांचे उत्तरही लिहा.